उन्हाळी श्रेयांकांची हुंडी

(नभोवाणीवरील भाषण)

आपल्याकडे मृगाच्या सरी पडू लागल्या की शाळांची दारे उघडतात. अमेरिकेत नेमक्या त्याच सुमारास विद्यापीठांचे वर्ग रिकामे झालेले असतात. मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तेथील बहुतेक विद्यार्थ्यांना दीर्घ सुटी असते. ह्या सुटीचे काय करावे, हा प्रश्न एके काळी केवळ तेथल्या मुलांचा होता. आता तो बेळगाव, मडगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या अनेक मराठी घरांतलाही झाला आहे. आपली मुले पूर्वी बहुधा पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे जात. आता बारावी होताच पहिल्या पदवीसाठीही जाऊ लागली आहेत. शिवाय न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्थायिक झालेल्या आपल्या भावंडांची मुले तेथेच वाढून तेथल्याच विद्यापीठांत शिकत आहेत. आणि मग एप्रिलच्या सुमारास एखाद्या रात्री फोन येतो, "बाबा, उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन विषय करून टाकू का? पुष्कळ पैसे वाचतील, म्हणतात."

बाबा गोंधळतात. नाव एका विद्यापीठात, अभ्यास दुसऱ्याच कॉलेजात, आणि पदवी पुन्हा पहिल्याचीच. हा काय प्रकार? शिक्षकाला सगळे ठाऊक असते अशी आपल्या समाजाची एक जुनी आणि प्रेमळ समजूत आहे. तिला अनुसरून असे पालक माझ्यासारख्याकडे येतात. त्यांच्या शंकांच्या निमित्ताने जे नीट समजून घ्यावे लागले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडील ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेतील हे कॉलेज बारावीच्या पुढची दोन वर्षे शिकविते. म्हणजे चार वर्षांच्या पदवीचा पूर्वार्ध तेथे होऊ शकतो. त्याखेरीज परिचारिका, वाहनदुरुस्ती, हिशेबनिशी असे धंदेशिक्षणही तेथे मिळते. त्या देशातील आज चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉय राज्यातील जोलिएट ह्या गावी १९०१ साली निघाले. तेथील माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर ह्या दोघांच्या विचारातून ते जन्मास आले. आरंभी विद्यार्थी होते अवघे सहा. गावातल्या मुलाला घर न सोडता विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

योगायोग असा की, उन्हाळा हा शिक्षणाचा काळ होय, ही कल्पना रुजविण्यातही ह्याच हार्परसाहेबांचा वाटा मोठा आहे. शिकागो विद्यापीठाचे वर्ष त्यांनी चार समान भागांत विभागले आणि उन्हाळ्याचा भाग इतर तिहींच्या बरोबरीचा मानला. म्हणजे ज्या गृहस्थाने धाकट्या कॉलेजाला जन्म देण्यास हातभार लावला, त्यानेच उन्हाळी वर्गालाही प्रतिष्ठा दिली. आज आपल्या मुलाचा फोन येतो तेव्हा त्याच्या मागे ही सव्वाशे वर्षांची परंपरा उभी असते.

पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव उचलून धरले आणि अशी कॉलेजे देशभर निघावीत, असा आग्रह धरला. १९६० साली कॅलिफोर्निया राज्याने आपल्या उच्चशिक्षणाचा एक व्यापक आराखडा मंजूर केला. त्यात विद्यापीठाच्या पायऱ्या उंच ठेविल्या. परंतु कम्युनिटी कॉलेजांचे दार सर्वांसाठी उघडे ठेविले, आणि तेथून विद्यापीठात चढून जाण्यास वाटही ठेविली. ही वाट महत्त्वाची. ती नसती तर धाकटे कॉलेज म्हणजे केवळ एक बंद गल्ली ठरली असती.

आता ह्या वाटेवरून जे नेले जाते, ते काय? त्यास तेथे 'क्रेडिट' म्हणतात; आपल्या विद्यापीठांच्या परिपत्रकांतून 'श्रेयांक' हा शब्द आता रूढ झाला आहे. ह्या श्रेयांकाचे मूळ शोधू गेल्यास मोठे मौजेचे आहे. पोलादाच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळविणाऱ्या अँड्र्यू कार्नेगी ह्यांनी १९०५ साली कॉलेजांतील अध्यापकांना पेन्शन देण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापिले. पेन्शन द्यावयाचे तर कॉलेज कशास म्हणावे, हे ठरविणे आले. ते ठरवावयाचे तर तेथे प्रवेश घेणाऱ्याने माध्यमिक शाळेत किती शिकलेले असावे, हे ठरविणे आले. आणि किती शिकला हे मोजावयाचे तर तासांवाचून दुसरे सोयीचे माप हाताशी नव्हते. अशा रीतीने विद्या तासांनी मोजण्याची पद्धत त्या देशात पक्की झाली. श्रोत्यांत कोणी निवृत्त शिक्षक असतील, तर पेन्शनीच्या कागदातून एवढे मोठे शिक्षणतंत्र उभे राहू शकते, ह्याचे त्यांस आश्चर्य वाटणार नाही.

आजचा हिशेब साधारणतः असा आहे. सुमारे पंधरा आठवड्यांचे एक सत्र. त्यात दर आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर निदान दोन तासांचा अभ्यास, असे केले म्हणजे एक श्रेयांक. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० साली केलेल्या नियमातही हेच माप आहे. एक विषय बहुधा तीन श्रेयांकांचा असतो आणि चार वर्षांच्या पदवीस बहुधा १२० श्रेयांक लागतात. म्हणजे एका विषयास वर्गातील ४५ तास आणि घरच्या अभ्यासाचे ९० तास, एकूण १३५ तास. हा आकडा आपण लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

विद्यार्थी उन्हाळ्यात धाकट्या कॉलेजाकडे का वळतो, हे आता समजेल. पहिले कारण पैशाचे. राज्याच्या रहिवाशाला तेथील शुल्क विद्यापीठाच्या मानाने फार कमी पडते. कॅलिफोर्नियात २०१२ च्या उन्हाळ्यापासून रहिवाशाला एका श्रेयांकास ४६ डॉलर पडतात. म्हणजे तीन श्रेयांकांचा विषय १३८ डॉलरांत होतो. दुसरे कारण वेळेचे. एखादा विषय राहिला, किंवा पुढच्या विषयासाठी आधीचा एक विषय पुरा हवा असला, तर सुटीत तो उरकून घेता येतो आणि वर्ष वाचते. तिसरे कारण असे की, मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या व्याख्यानाला तीनशे मुले बसलेली असतात. धाकट्या कॉलेजात तीस-पस्तीस. तेथील अध्यापकाचे मुख्य काम संशोधन नसून शिकविणे हेच असते. शंका विचारावयाची तर हात वर केला की पुरे. आणि चौथे कारण, पुढच्या सत्रातील ओझे थोडे हलके करणे.

कारणे सर्व रास्त आहेत. मग अडते कोठे? श्रेयांक मिळविण्यात सहसा अडत नाही. अडते ते श्रेयांक कामी येण्यात. आणि आजच्या भाषणाचा सारा रोख ह्या दोहोंमधील अंतरावर आहे.

श्रोतेहो, श्रेयांक हे नाणे आहे असे मुले समजतात. रुपयाचे नाणे बेळगावात चालते, पणजीत चालते, इंदुरातही चालते. कोणी 'हा रुपया तुम्ही कोठे मिळविला' असे विचारीत नाही. परंतु श्रेयांक हे नाणे नव्हे. ती हुंडी आहे. इंदूर-बडोद्याकडच्या जुन्या सराफी पेढ्या ज्यांनी पाहिल्या किंवा ज्यांविषयी वडीलधाऱ्यांकडून ऐकले, त्यांना ठाऊक असेल की, हुंडी लिहिणारा कितीही मातबर असो, ज्या पेढीवर ती काढली त्या पेढीने ती सकारली तरच पैसे हाती पडतात. सकारली नाही तर तो एक सुबक अक्षरांत लिहिलेला कागद. कम्युनिटी कॉलेज हुंडी लिहिते; ती सकारावयाची की नाही, हे ठरविते विद्यापीठ.

आणि सकारण्याचेही तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार असा की, विद्यापीठ श्रेयांक केवळ बेरजेत धरते. १२० पैकी तीन झाले, परंतु ते 'ऐच्छिक' ह्या सदरात. दुसरा प्रकार असा की, तो विषय आपल्या अमुक विषयाशी समकक्ष आहे, असे विद्यापीठ मान्य करते. तिसरा प्रकार असा की, त्या विषयाने पदवीची अमुक अट पुरी झाली, असे ज्या विभागाची ती अट आहे तो विभाग मान्य करतो. पहिल्याने मन भरते, दुसऱ्याने कागद भरतो, आणि तिसऱ्याने पदवी जवळ येते. विद्यार्थी पुष्कळदा पहिल्यावरच समाधान मानून घरी फोन करतो आणि घरचे पेढे वाटतात.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. वडील पतसंस्थेत कारकून. शैक्षणिक कर्ज काढून मुलगी व्यापारशास्त्राच्या पदवीसाठी गेली. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्राचा विषय घेतला. मेहनती मुलगी, 'ए' श्रेणी मिळाली. ऑगस्टमध्ये विद्यापीठाने तीन श्रेयांक खाती जमा केले. परंतु व्यापारशास्त्र विभागाने सांगितले की, आमच्या संख्याशास्त्राला कलनशास्त्राचा पाया लागतो, तुम्ही केलेला विषय प्राथमिक आहे. तो बेरजेत राहील, अट मात्र उभीच आहे. त्याच नावाचा विषय तिला पुढच्या सत्रात पुन्हा घ्यावा लागला, आणि तोही विद्यापीठाच्या दराने. वडील मला म्हणाले, "मास्तर, पोरीनं केलं ते खोटं होतं का हो?" खोटे मुळीच नव्हते. ती जे शिकली ते तिचेच राहिले, आणि दुसऱ्या वेळी त्याचा उपयोगही झाला. परंतु ज्या कामासाठी पैसे खर्चिले, ते काम त्या कागदाने झाले नाही. 'समकक्ष आहे का' हा एक प्रश्न, आणि 'माझी अमुक अट पुरी होईल का' हा दुसरा. हा दुसरा प्रश्न मे महिन्यापूर्वी विचारला गेला असता, तर त्याचे उत्तर एका पत्रात मिळाले असते.

सीमाभागातील श्रोत्यांस ह्यात नवे काय वाटणार? बेळगावच्या बाजूचा मुलगा कोल्हापूरला किंवा गोव्याला शिकावयास निघाला की त्याला मायग्रेशन सर्टिफिकेट आणावे लागते, एलिजिबिलिटीसाठी खेटे घालावे लागतात. माणूस एस.टी.त बसून दोन तासांत सीमा ओलांडतो. त्याच्या कागदांना सीमा ओलांडावयास दोन महिने लागतात. अमेरिकेत कागद लवकर हलतात, एवढाच फरक. परंतु कागद ओलांडून जातो आणि त्याचे मोल अलीकडेच राहते, असे तेथेही घडते. २००४ ते २००९ ह्या काळात एक संस्था सोडून दुसरीत गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक ह्या बदलात वाया गेले, असा अंदाज अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या आपल्या अहवालात दिला आहे. हा आकडा संस्था बदलणाऱ्यांचा आहे, उन्हाळ्यापुरते बाहेर जाणाऱ्यांचा नव्हे. तथापि मधली फट किती रुंद असू शकते, हे त्यावरून कळते.

ही फट बुजविण्याचे प्रयत्न तेथील राज्यांनी मनःपूर्वक केले आहेत, हेही सांगितले पाहिजे. टेक्ससमध्ये सार्वजनिक कॉलेजांच्या खालच्या दोन वर्षांतील विषयांना सामाईक क्रमांक दिलेले आहेत. 'मॅथ २४१३' म्हटले की पहिले कलनशास्त्र. त्यातील दोनचा आकडा दुसऱ्या वर्षाची पातळी दाखवितो आणि चारचा आकडा श्रेयांक दाखवितो. फ्लोरिडातही असेच राज्यव्यापी क्रमांक आहेत. कॅलिफोर्नियात 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर कोणत्या कम्युनिटी कॉलेजातील कोणता विषय कोणत्या सरकारी विद्यापीठात कशाच्या ऐवजी चालतो, ह्याच्या याद्या पाहावयास मिळतात. न्यू जर्सीत 'एन. जे. ट्रान्सफर' हे संकेतस्थळ तेच काम करिते. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांतील मुलांना ते परिचयाचे असावयास हरकत नाही. सारांश, राज्य एकच असेल आणि दोन्ही संस्था सरकारी असतील, तर हुंडी सकारली जाण्याचा संभव मोठा. राज्य ओलांडले, अथवा विद्यापीठ खाजगी आणि नामवंत असले, की प्रत्येक विषयाची वेगळी चौकशी आली.

आता काही नियम असे आहेत की, ते प्रत्येक विद्यापीठात थोडेफार बदलतात, परंतु त्यांचा सांगाडा सारखाच असतो. बाहेरून आणलेल्या विषयाचे श्रेयांक धरले जातात. त्याची श्रेणी मात्र बहुधा विद्यापीठाच्या सरासरीत धरली जात नाही. ह्याचा अर्थ असा की, विद्यापीठातील खालावलेली सरासरी बाहेरच्या 'ए'ने वर येत नाही, आणि विद्यापीठात नापास झालेला विषय बाहेर पुन्हा केल्याने ते नापासाचे अक्षर सहसा पुसले जात नाही. तसेच बाहेरच्या विषयात निदान 'सी' तरी हवा, असा दंडक पुष्कळ ठिकाणी आहे. 'सी'च्या पुढे उणे चिन्ह लागले तरी काही ठिकाणी दार बंद होते.

कम्युनिटी कॉलेजातून किती श्रेयांक आणावेत, ह्यालाही मर्यादा असते. कॅलिफोर्निया विद्यापीठ पदवीच्या बेरजेत असे ७० सत्र-श्रेयांकच धरते. शिवाय शेवटचे तीसएक श्रेयांक आमच्याच आवारात करा, अशी अट अनेक विद्यापीठांची असते. म्हणून पदवीच्या अगदी शेवटच्या उन्हाळ्यात बाहेर विषय घेऊ पाहणाऱ्याने ही अट आधी वाचावी. एक बारकावा गणिताचा. काही विद्यापीठांचे वर्ष दोन सत्रांचे, तर काहींचे चार तिमाह्यांचे असते. सत्राचा एक श्रेयांक म्हणजे तिमाहीचा दीड. तेव्हा तिमाहीच्या कॉलेजात चार श्रेयांकांचा विषय केला, तर सत्राच्या विद्यापीठात त्याचे होतात २.६७; तेथे अट तीनची असली तर एक तृतीयांश श्रेयांकासाठी विद्यार्थी अडून बसतो. शिवाय तिमाहीच्या विद्यापीठातील वर्ष जूनच्या मध्यापर्यंत चालते आणि पुष्कळ कम्युनिटी कॉलेजांचा उन्हाळी वर्ग त्याआधीच सुरू झालेला असतो. दोन तारखा शेजारी ठेवून पाहण्यास काही खर्च येत नाही.

आता तो १३५ तासांचा आकडा आठवा. उन्हाळी वर्ग पंधरा आठवड्यांचा नसतो. सहा किंवा आठ आठवड्यांचा असतो. विषय तोच, तास तेवढेच. १३५ तास सहा आठवड्यांत बसवावयाचे म्हणजे दर आठवड्याला साडेबावीस तास झाले. असे दोन विषय घेतले तर पंचेचाळीस तास. म्हणजे पूर्ण वेळेच्या नोकरीहूनही अधिक. त्यावर पोटासाठी एखादे काम करावयाचे असले तर मुलगा झोपणार केव्हा? सोमवारी चुकलेला तास पंधरा आठवड्यांच्या सत्रात एक तास असतो. सहा आठवड्यांच्या वर्गात तो अडीच तासांचा असतो. पहिली परीक्षा दुसऱ्याच आठवड्यात येते आणि विषय सोडून देण्याची मुदत कित्येकदा त्याहीपूर्वी संपते.

येथे एक शिक्षक म्हणून माझे मत सांगतो. ज्या विषयावर पुढची इमारत चढावयाची आहे, तो शक्यतो घाईने करू नये. अभियंता होऊ इच्छिणाऱ्याने कलनशास्त्र, वैद्यकाकडे वळणाऱ्याने रसायन सहा आठवड्यांत आटोपले, तर श्रेयांक मिळतील. पण पुढच्या सत्रात पायाखालची फरशी हलेल. इतिहास, निबंधलेखन, भाषणकला, अर्थशास्त्राची ओळख असे जे सर्वसाधारण विषय प्रत्येकास घ्यावेच लागतात, ते उन्हाळ्यास अधिक सोयीचे. आणि पहिल्या उन्हाळ्यात एकच विषय घ्यावा. मुलाचा आवाका त्यात कळतो.

भारतातून विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या मुलांसाठी दोन शब्द वेगळे सांगावयास हवेत. एक शैक्षणिक वर्ष पुरे केल्यावर मिळणाऱ्या वार्षिक सुटीत, पुढच्या सत्रात परत यावयाचे असेल, तर त्यांच्यावर पूर्ण वेळ शिकण्याचे बंधन नसते. त्यामुळे एखाददुसरा विषय बाहेर घेण्यास व्हिसाची अडचण सामान्यतः येत नाही. तरीसुद्धा विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीला आधी विचारावे. त्या कचेरीचे उत्तर हेच खरे उत्तर. दुसरे असे की, मी मघाशी सांगितलेला १३८ डॉलरांचा हिशेब रहिवाशांचा आहे. परदेशी विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजातही कित्येक पट शुल्क पडते. बचत होणार आहे असे गृहीत न धरता आकडे मांडून पाहावेत. कित्येकदा बचत तरीही होते. कधी इतकी थोडी होते की, तिच्यासाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नसतो.

सुटीत घरी परतलेली मुले हल्ली ऑनलाइन विषय घेतात. हैदराबादला आजीच्या घरी बसून न्यू जर्सीच्या कॉलेजाचा विषय करणे आता सहज शक्य आहे. परंतु उन्हाळ्यात तेथल्या आणि आपल्या घड्याळात साडेनऊ तासांचे अंतर असते. तेथील संध्याकाळी सहाची परीक्षा म्हणजे आपल्याकडील पहाटेचे साडेतीन. वर्ग ठरावीक वेळेला भरतो की ध्वनिमुद्रित व्याख्याने आपल्या सवडीने ऐकावयाची असतात, हे नाव नोंदविण्यापूर्वी पाहावे. शास्त्रविषयांचे प्रयोग ऑनलाइन केलेले सर्वच विद्यापीठांना चालतात असे नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मग करावे कसे? काम फार अवघड नाही. मात्र त्याचा क्रम उलटू देऊ नये. प्रथम आपल्या पदवीच्या अटींचा तक्ता काढून कोणती अट बाहेर पुरी करावयाची, ते ठरवावे. विषयाचे नाव नव्हे, अट. मग जवळच्या, रीतसर मान्यता असलेल्या कॉलेजात त्यास जुळणारा विषय शोधून त्याची तपशीलवार अभ्यासपत्रिका मागवावी. ती घेऊन आपल्या सल्लागाराकडे आणि ज्या विभागाची अट आहे त्या विभागाकडे जावे आणि 'ह्या विषयाने माझी अमुक अट पुरी होईल' असे लेखी मागावे. पुष्कळ विद्यापीठांत पूर्वपरवानगीचा छापील अर्जच असतो. तोंडी होकार देणारा सल्लागार वर्षभराने दुसरीकडे बदलून जातो. कागद बदलून जात नाही. अमेरिकन विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळत असल्यास दोन्ही संस्थांत करार होऊन तिचा उपयोग बाहेरच्या विषयासाठी करता येतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. हे सर्व मार्च-एप्रिलमध्ये व्हावयास हवे. वर्ग संपल्यावर त्या कॉलेजाकडून अधिकृत गुणपत्रक थेट विद्यापीठाला पाठवावयास सांगावे. ते आपोआप जात नाही. न मागितल्यामुळे पडून राहिलेले गुणपत्रक म्हणजे पेढीपर्यंत न पोचलेली हुंडी. आणि अभ्यासपत्रिका, गृहपाठ, परवानगीचे पत्र हे सर्व पदवी हाती पडेपर्यंत जपून ठेवावे.

एक शेवटचा मुद्दा मनाला लागणारा आहे. तो टाळून चालणार नाही. काही पालक म्हणतात, "एवढ्या मोठ्या विद्यापीठात घातलं, आणि आता हा गल्लीतल्या कॉलेजात जाणार? लोक काय म्हणतील?" आपल्यात कॉलेजाच्या नावाला सोयरिकीइतके महत्त्व आहे, हे मी जाणतो. परंतु त्या वर्गात कोण बसलेले असते, ते पाहावे. रात्रपाळी करून आलेली परिचारिका असते, पन्नाशीत पुन्हा शिकू लागलेला गृहस्थ असतो, मुलाला शेजारणीकडे ठेवून आलेली आई असते. ह्या लोकांपाशी दवडण्यास वेळ नसतो. म्हणून ते आपल्या मुलापेक्षा कित्येकदा अधिक मन लावून ऐकतात. त्यांच्या शेजारी सहा आठवडे बसणे हे काही कमीपणाचे नव्हे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या अर्जात तर तेथे प्रत्येक कॉलेजाचे गुणपत्रक जोडावेच लागते आणि सरासरीही सर्वांची मिळून काढली जाते. तेव्हा ते लपविण्याचाही प्रश्न नाही, आणि त्यात हलगर्जी करण्याचीही सोय नाही.

हा विषय आपल्यापासून फार दूर राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम केले. निरनिराळ्या संस्थांत मिळविलेले श्रेयांक एका खात्यात जमा करण्याची सोय त्यामुळे आपल्याकडेही झाली आहे. पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे श्रेयांक घेतलेले असावेत, असे ते नियम सांगतात. त्याच वर्षी 'स्वयम्'वरील ऑनलाइन विषयांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभाही आयोगाने दिली. अमेरिकेला जे सव्वाशे वर्षांत हळूहळू शिकावे लागले, ते आपल्यापुढे आता एकदम आले आहे. गोव्यातील किंवा बेळगावातील मुलगी उद्या दुसऱ्या विद्यापीठाचा एखादा विषय करील आणि श्रेयांक खात्यावर दिसतील. तेव्हाही प्रश्न हाच राहील की, खात्यावर जमा झाले, पण पदवीच्या कोणत्या अटीस लागू पडले? बँकेचे नाव असले तरी व्यवहार हुंडीचाच आहे.

म्हणून पालकांना माझे सांगणे एवढेच की, एप्रिलमध्ये तसा फोन आला तर 'नको' म्हणू नका आणि लगेच 'हो'ही म्हणू नका. 'पैसे किती वाचतील' हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न असा विचारा, "बाळ, ह्या विषयाने तुझी कोणती अट पुरी होणार, आणि तसे तुला कोणी लिहून दिले आहे?" मुलाने पत्र वाचून दाखविले, तर निश्चिंत मनाने पैसे पाठवा आणि त्याला म्हणावे, मन लावून शीक. पत्र नसेल तर विषयाला हात घालण्यापूर्वी ते आणावयास सांगा. एवढे केले, तर उन्हाळ्याचे ते सहा आठवडे त्याच्या आयुष्यातील एक सत्र वाचवून देतील, आणि तुमच्या कर्जाचे काही हप्तेही.